वाणात लुटलेला पायभाता

हैदराबादेहून आलेला लिफाफा कमरोद्दीन अर्जनविसानं तीन वेळा वाचला, तेव्हाच कडूबा लोहाराच्या लक्षात आलं की मजकूर काही धड नाही. एरवी कमरोद्दीन कागद एकदाच वाचायचा आणि उरलेलं मनानं सांगायचा.

"सांग ना बापा, काय लिव्हलंय?" कडूबानं हातोडा खाली ठेवला.

"मुबारक हो. तुझ्या पायभात्याचा मुआयना, म्हंजे तपासणी, करायला खुद्द हैदराबादचे अंमलदार येऊन राह्यले. परवा, मस्तगडात, तुझ्या घरी."

"मंग तोंड कामून पाडलंस?"

"बद्रीनाथशेठच्या पायभात्याचा बी मुआयना हाय. परवाच. तुझ्याच घरी."

आता पायभाता म्हणजे काय, हे ज्यांनी जन्मात ओल्या लाकडांवर भाकरी भाजली नाही त्यांना सांगावंच लागेल. कडूबाच्या भट्टीला जो भाता होता, त्याचंच त्यानं हातभर पिल्लू केलं. रॉकेलच्या डब्याचा पत्रा, बकरीचं कातडं, आत एक स्प्रिंग, पुढं चुलीत जाणारी नळी आणि डाव्या पायाखाली फळी. बाईचे दोन्ही हात पिठात असले तरी चालतील. पाय दाबला की चूल फुलली. फुंकणी नको, डोळ्यांत धूर नको. ऐकायला सोपं वाटतं. पण दोन वर्षं लागली. पहिल्या भात्यानं वरणात राख उडवली, दुसरा नुसताच शीळ घालायचा आणि तिसऱ्यानं द्वारकाबाईच्या, म्हणजे कडूबाच्या बायकोच्या, दोन्ही भिवया नेल्या. चौथा जमला. जमला म्हणजे असा जमला की द्वारकाबाई त्या दिवशी गरज नसताना चौदा भाकऱ्या करून बसली.

त्या चौथ्या भात्याचा कागद कडूबाला सरकारकडून हवा होता. पेटंट म्हणतात म्हणे त्याला. त्याच्या बापानं जन्मभर गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवल्या, आणि त्यातल्या एकाही धावेवर बापाचं नाव नव्हतं. आपलं तरी कुठंतरी लिहिलेलं असावं, सरकारी शिक्क्याखाली असावं, एवढीच त्याची हौस. आणि आता गल्लीच्या टोकाचे लोखंडाचे व्यापारी बद्रीनाथशेठ म्हणत होते की पायभाता आपणच शोधला! कागद त्यांना गेला, तर कडूबाला स्वतःचा भाता स्वतःच्या भट्टीवर करायची बंदी होणार होती. वा रे न्याय!

"घाबरू नको," कमरोद्दीन म्हणाला. "फकत एक अट हाय. चीज बिलकुल नवी पाहिजे. अर्ज करायच्या अगोदर दुनियेत कोणी वापरलेली नसावी. तसं मी तुझ्यातर्फे कसम खाऊन लिव्हलंय. कोणी वापरला तर न्हाई ना?"

स्वयंपाकघरात इतका वेळ वाजणाऱ्या बांगड्या थांबल्या.

"वापरला म्हंजे," आतून द्वारकाबाई म्हणाली, "संक्रांतीला वाण लुटलं तेवढंच."

"वाणात काय लुटलं?"

"दुसरं काय लुटणार? घरात होतं त्येच. दरसाली कुंकवाचे करंडे कोण देतं? बायका म्हणल्या, द्वारकाबाई, औंदा वाण लई नामी काढलं."

"कितीजणींना?"

"एकवीस."

कमरोद्दीन मटकन ओट्यावर बसला. "कडू, तू एकवीस भाते केलेस आन् मला बोल्ला न्हाईस?"

"ती म्हणली वाणाला पाहिजेत. वाणाला न्हाई कसं म्हणू?"

"आन् नाव घालून दिलेत, तसेच न्हाई दिले," द्वारकाबाई ठसक्यात म्हणाली. "नाव हाय, संक्रांत हाय, साल हाय. वाण देतो का चोरीचा माल?"

"तारीख बी घातली!" कमरोद्दीननं कपाळावर हात मारला. "या अल्ला! निदान मह्या घरी तरी..."

"शहाजादीभाभीला तर पयला दिला. तुमचा सकाळचा चहा त्याच्यावरच तर व्हतो."

ज्या माणसानं कागदावर कसम खाल्ली होती की ही चीज दुनियेत कोणी वापरली नाही, तो आठ महिने तिच्यावरचा चहा दोन-दोन कप पीत होता. पुरुषांना स्वयंपाकघरात काय आहे ते कधी दिसतं म्हणा!

कडूबा तसाच उठला आणि वाण परत मागायला निघाला. आता वाण परत मागायला जाणारा मनुष्य मस्तगडानं तोवर पाहिलेला नव्हता. पहिलं घर सोनूबाईचं. तिनं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले.

"वाण परत? डोकं ठिकाणावर हाय का तुहं? उद्या कुंकू बी पुसून मागशील!"

"दोन दिसांसाठी फक्त, सोनूबाई."

"दोन दिस न्हाई न् दोन घटका न्हाई. दिलेलं वाण उंबऱ्याबाहेर जात नसतं."

सगुणाबाईनं तर दारच लावून घेतलं आणि आतून भाता फुसफुस वाजवून दाखवला. कडूबा हात हलवत घरी आला. बायकोनं त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "तुम्हाला काम सांगून उपेग न्हाई. परत कशाला मागायचे? एक दिस लपवायचे. अंमलदारानं इचारलं, तर पाह्यलाच न्हाई म्हणायचं. मी बोलते बायकांशी."

ती बोलली. गल्लीभर भाते नाहीसे झाले; कुणाचा ज्वारीच्या कणगीत गेला, कुणाचा गोधड्यांत, कुणाचा पाळण्यात पोराच्या उशाला. खोटं बोलायचंय म्हटल्यावर बायकांना असा काही हुरूप आला की विचारू नका.

ठरल्या दिवशी अंमलदार महेमूदसाहेब टांग्यातून उतरले. शेरवानी, डोक्यावर रुमी टोपी, बोलणं इतकं अदबीचं की कडूबाला आपल्याच घरात उभं राहायची चोरी वाटली. पाठोपाठ बद्रीनाथशेठ आले. त्यांचा पायभाता ओतीव लोखंडाचा होता. तो दोन हमालांनी उचलून आणला आणि त्याच्यावर शेठचं नाव असं उठावदार ओतलेलं होतं की भाता त्या नावामागं शोधावा लागत होता.

साहेबांनी कडूबाचा भाता हातात घेऊन दारात जमलेल्या बायकांना विचारलं, "ये चीज आपने इससे पहले देखी है?"

"ह्ये?" सोनूबाई दोन पावलं मागं सरली. "ह्यो उंदराचा पिंजरा असंल."

"आमच्यात असल्या वस्तूला हात लावत न्हाईत," सगुणाबाई म्हणाली आणि तिनं तोंडाला पदर लावला.

दाराआडून शहाजादीचा आवाज आला, "हमने तो कभी देखाइच नहीं, साब. और इसमें बकरी का चमड़ा है, वो भी हमको मालूम नहीं."

कमरोद्दीनला खोकल्याची उबळ आली. पण साहेबांनी मान डोलावली आणि वहीत लिहिलं. मग म्हणाले, पहिल्यांदा जुन्या फुंकणीवर एक भाकरी करून दाखवा, मग या यंत्रावर, फरक पाहू.

सोनूबाई चुलीपुढं बसली. भादव्यातली लाकडं, आतून ओली. तिनं भाकरी थापायला घेतली आणि फुंकणीकडं हात जायच्या आधीच तिचा डावा पाय आपोआप खालीवर व्हायला लागला. पायाखाली फळी नव्हती, पण पायाला कोण सांगणार? आठ महिन्यांची सवय. चुलीतून धुराचा लोट उठला. सोनूबाई थापते आहे, पाय हालतो आहे आणि चूल काही केल्या पेटत नाही.

"इनका पाँव क्यूँ हिल रहा है?" साहेबांनी विचारलं.

"संधिवात हाय, साहेब," द्वारकाबाई झटकन बोलली.

साहेबांनी नजर फिरवली. दारातली सगुणाबाई चुलीकडं टक लावून पाहत होती आणि तिचाही डावा पाय चालू होता. तिच्या शेजारणीचा चालू होता. ओळीनं आठ-दहा डावे पाय जमिनीवर ठेका धरून होते.

"सबको?"

"ह्या गल्लीचं पाणीच तसलं हाय, साहेब."

साहेबांना पुढं विचारायचं असावं, पण धुरानं त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मग कडूबाचा भाता लावला. फळी दाबताच चूल भडकली आणि भाकरी टम्म फुगली. साहेब रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "माशाल्ला." आणि त्यांनी निकाल सांगितला. चीज कामाची आहे. चीज नवीही आहे. या गल्लीत कोणी पाहिलेली नाही, याची सगळ्या बायकांनी ग्वाही दिली आहे.

कडूबानं श्वास सोडला. आणि तेवढ्यात बद्रीनाथशेठ पुढं झाले.

"बराबर हाय, साहेब. चीज नवी हाय, मी बी तेच म्हणतो. आता फकत अर्जाच्या तारखा पाहाव्या."

साहेबांनी तारखा पाहिल्या. शेठचा अर्ज सरकारी फसली सालातल्या तीर महिन्याच्या तीन तारखेचा. कडूबाचा सात तारखेचा. कमरोद्दीननं मान खाली घातली. ते चार दिवस तो मंठ्याला भाच्याच्या लग्नात बिर्याणी खात होता.

"चीज एक, दरखास्तें दो," साहेब म्हणाले. "जिसकी पहले आई, हक उसका."

घ्या! गल्लीनं कमरेला पदर खोचून, पोराच्या उशाखाली भाते दडवून जे खोटं बोललं, ते सगळं शेठच्या झोळीत पडलं. बद्रीनाथशेठनं कडूबाच्या खांद्यावर हात ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नको, कडूबा. आता भाता करायचा तर मला इचारून करायचा. तुह्या बायकोला चूल फुंकायची असली तरी मलाच इचारायचं. म्या काय न्हाई म्हणंल?"

कडूबा गरीब माणूस. आवाज करायचा तो त्याचा घण करायचा. त्याला स्वतःला कधी मोठ्यानं बोलायची पाळी आली नव्हती. पण त्या हाताचं वजन त्याला सोसवलं नाही. त्यानं तो खांद्यावरून उचलून बाजूला केला.

"कमरू," तो म्हणाला, "तुही कसम मोडून राह्यलो."

"मोड," कमरोद्दीन म्हणाला. "मी खाल्ली, मीच निस्तरतो."

कडूबानं बायकोकडं पाहिलं. ती वाटच पाहत होती.

"काढायचे का?"

"काढा!" कडूबा ओरडला. "सगळे काढा! मला कागद न्हाई तर न्हाई, पण ह्याला बी मिळू देणार न्हाई!"

गल्लीत एकच पळापळ झाली. कणगीतून भाते निघाले, गोधड्यांतून निघाले. पाळण्यातला काढला तसं पोर रडायला लागलं, ते त्याच्या आईनं भात्यासकट उचलून आणलं. शहाजादीनं दाराआडून आपला पुढं सरकवला. साहेबांपुढं भात्यांची रांग लागली. द्वारकाबाईनं बोटानं मोजले.

"वीस. एक कमी."

"कमी न्हाई," मागून आवाज आला. गर्दी बाजूला झाली. बद्रीनाथशेठची बायको उषाबाई डोक्यावरचा पदर सावरत आली. तिच्या हातात भाता होता, वरच्या पत्र्याला काजळी धरलेला.

"तू घरी जाय," शेठ म्हणाले.

"जाते. वाणाची मोजदाद कमी नको पडाया." तिनं भाता रांगेत ठेवला. "साहेब, ह्यांनी आपला भाता ह्याच्यावरनंच काढला. माप घ्यायला म्हणून फिटरकडं नेला, चार दिस मला फुंकणीवर ठेवलं. आन् ह्यांचा तो लोखंडाचा दाबाया दोघी लागतात."

हमालांपैकी एकजण हसला आणि शेठनं पाहताच गंभीर झाला.

साहेबांनी तो भाता उलटा केला. पत्र्यावर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं कोरली होती. "इसपर क्या लिखा है?"

कमरोद्दीननं वाचलं, अगदी एकदाच आणि मनातलं एक अक्षर न घालता. "सौ. द्वारकाबाई कडूबा लोहार, मस्तगड. संक्रांत, शके अठराशे पासष्ट." मग बोटांवर हिशेब केला. "म्हंजे सरकारी हिशेबानं इस्फंदार महिना, तेराशे त्रेपन्न फसली, जनाब. दोन्ही दरखास्तींच्या चार महिने पहले."

"तो फिर ये चीज नई नहीं," साहेब सावकाश म्हणाले. "ये हक किसी को नहीं मिल सकता. न इनको, न आपको. जो चाहे, बनाए." मग बायकांकडं वळून जरा कडक झाले. "और आप सबने झूठ कहा!"

"घटकाभर खोटं बोललो, साहेब," सोनूबाई म्हणाली. "लगीच खरं बी बोललो की."

साहेबांनी वही मिटली. बद्रीनाथशेठ मात्र जाता जाता कडूबापाशी थांबले. "काय कमावलंस रे? कागद तर तुला बी न्हाई भेटला."

"न्हाई भेटला," कडूबा म्हणाला. "भेटला असता तर पेटीत पडला असता. महं नाव एकवीस चुलींपाशी हाय, शेठ. त्यातली एक तुमची. जा, भाकर खा गरम गरम."

महेमूदसाहेब टांग्यात बसायला निघाले आणि पायरीवर पाय ठेवून घुटमळले. डोळे अजून लाल होते. "हमारे घर में भी बहुत धुआँ होता है," ते कडूबाला हळूच म्हणाले. "एक मिलेगा?"

"वाण बाप्यांना देत न्हाईत, साहेब," दारातून द्वारकाबाई म्हणाली. "संक्रांतीला भाभीसाहेबांना धाडून द्या. बाविसावा त्यांचा."

टांगा वळला. कडूबा भट्टीपाशी जाऊन बसला, पत्र्याचा एक तुकडा ऐरणीवर ठेवला आणि नाव कोरायची छिन्नी उचलली. मग थांबला.

"कमरू, इकडं ये. मला महं नाव उर्दूत काढून दे."

"उर्दूत कामून?"

"हैदराबादेत जायचंय ते," कडूबा म्हणाला. "तिथं वाचता आलं पाहिजे."