देवराईतला निसर्गाभ्यास

मुळशी पेट्यात निसर्गाभ्यास शिकवणारा माझ्यासारखा मास्तर झाला नाही, हे मी अगदी नम्रपणे सांगतो! वरून परिपत्रक आलं होतं: मुलांना वर्गाबाहेर न्या, पानं गोळा करा, वहीत चिकटवा, शेजारी निरीक्षण लिहा. बाकीच्या मास्तरांनी कपाळाला हात लावला. मी मात्र मनातल्या मनात वळकटी बांधायला घेतली. कारण सोमवारी दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येणार होते आणि पुण्याला बदलीचा माझा अर्ज त्यांच्याच हातात होता. बायको पुण्यात माहेरी राहून कळवत होती, "बदली झाली की संसार करू." किती समजूतदार!

शनिवारी सकाळी मी सगळी शाळा घेऊन गावामागच्या दाट रानात शिरलो. नाना जातींची झाडं, आणि आजवर कुणी एक पान तोडलेलं नाही! गावकऱ्यांच्या आळशीपणाचं मला नवल वाटलं.

"गुर्जी, हितलं काय तोडत न्हाईत," पारू म्हणाली. "द्येवाचं हाय."

"सगळा निसर्गच देवाचा आहे! तोड!"

गुरुजींची आज्ञा! पोरांनी अशी तोडणी केली की टोळधाड परवडली. दुपारपर्यंत खळ लावून पानं वह्यांत चिकटली. ज्याचं नाव मला येत नव्हतं, त्याखाली मी 'रानटी वृक्ष' असं लिहून घेतलं. रानटी वृक्ष बरेच निघाले.

संध्याकाळी अख्खं गाव शाळेपुढे उभं!

"मास्तर, देवराईला हात लावला तुमी?" पाटील हैबतराव गरजले.

"शास्त्रीय हात लावला!"

"माजी म्हस दूद देईना, त्ये बी शास्त्रीयच का?" साळूबाई ओरडली.

"तुजी म्हस तर दिवाळीपास्नं आटलीया," कुणीतरी म्हणालं. त्याला लगेच गप्प करण्यात आलं.

रविवारी कोंडाजी गुरवानं देवाला कौल लावला. निकाल असा: ज्या झाडाचं पान, त्याच झाडाच्या बुडाशी परत ठेवायचं. न्हाईतर सायबांपुढं मास्तरला उभा करायचा! माझ्या डोळ्यांपुढून पुणं दूर दूर जाऊ लागलं.

सोमवारी उजाडताच सगळं गाव वह्या घेऊन देवराईत. खळ अशी पक्की की पानं निघता निघेनात!

"ह्यो हिरडा!"

"डोळं फुटलं का? आंजनी हाय त्यो!"

"वास घे, वास! म्हंजी कळंल!"

पाटील एक पान उन्हात धरून शिरा बघत होते. मी मदतीला गेलो, तर मला एका बाजूला उभं राहायला सांगण्यात आलं.

एवढ्यात साहेब! शाळेला कुलूप बघून थेट रानातच आले होते. वह्या, पानं, भांडणं, सगळं त्यांनी डोळे भरून पाहिलं. मग त्यांनी पुढे येऊन माझा हात हातात घेतला.

"मास्तर! अहो, अख्खं गाव निसर्गाभ्यास करतंय!"

"यथाशक्ती प्रयत्न केला," मी म्हणालो.

"सायब, ह्या मास्तरनं काय केलंय..." पाटलांनी सुरुवात केली.

"काही सांगू नका पाटील, दिसतंय मला!"

हीच वेळ! मी खाकरलो. "साहेब, तो माझा बदलीचा अर्ज..."

"बदली?" साहेबांनी खिशातून अर्ज काढला आणि टरकन फाडला. "असं रत्न पुण्यात नेऊन वाया घालवू? छे! तुम्ही आता इथंच. अगदी पेन्शनीत निघेपर्यंत!"

मी मटकन खाली बसलो. माझ्या शेजारी हैबतराव पाटीलही मटकन बसले. त्यांनी देवाकडे तोंड करून हात जोडले.

"द्येवा, पानं तर समदी दिली की रं परत! मग ह्यो कोप कशापायी?"