डबा तेवढा परत पाठवा

राजारामने विकत घेतलेला रेडिओचा व्हॉल्व्ह गिरगावहून लालबागला आला, तो स्टीलच्या डब्यातून. तो नाजूक काचेचा जीव अभयने कापसात गुंडाळून, झाकण घट्ट लावून मोटारसायकलवाल्याबरोबर पाठवला होता. झाकणावर 'सौ. नम्रता' असं कोरलेलं होतं. मागोमाग अभयचा फोन आला, "व्हॉल्व्ह तपासून घ्या. डबा तेवढा परत पाठवा हां, बायकोचा आहे."

दोघेही जुन्या रेडिओंच्या नादी लागलेल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होते. तिथे सुटे भाग विकले-घेतले जात आणि नियम मोठे कडक असत. पैसे आधी. वस्तू पाठवायचं भाडं घेणाऱ्याचं. काही परत करायचं असेल तर भाडं परत करणाऱ्याचं. आणि दोघांनीही 'व्यवहार पूर्ण' असं लिहिल्याशिवाय दोघांपैकी कुणालाच पुढची वस्तू घेता येत नसे. नियम अँटॉप हिलच्या गौतमने केले होते, कारण ग्रुप त्याचा होता.

राजारामला पुढची वस्तू हवीच होती. त्याच्या वडिलांनी, म्हणजे धोंडूतात्यांनी, गिरणीच्या बोनसमधून घेतलेला रेडिओ नव्या व्हॉल्व्हने बोलायला लागला होता, पण त्याचं स्टेशन फिरवायचं बटण कधीच हरवलं होतं. राजारामने उघड्या दांड्याला पक्कड लावून मुंबई केंद्र लावून दाखवलं. तात्यांनी तोंड फिरवलं.

"पकडीन रेडिओ लावतत? तो काय नळ आसा?"

एवढं बोलून ते खाटेवर आडवे झाले. बाप रुसून बसलाय आणि रेडिओ एकटाच बडबडतोय, हे राजारामला बघवेना. आणि नेमकं तसलंच बटण गौतमकडे होतं. रविवारी सकाळी तो ते ग्रुपवर विकायला काढणार होता. म्हणजे त्याआधी डबा गिरगावला पोचला आणि अभयने 'व्यवहार पूर्ण' लिहिलं, की काम फत्ते. त्याने बायकोला हाक मारली.

"मालन, तो डबा दे गं."

"थांबा जरा. लाडू भरतेय."

"लाडू कशाला? डबा द्यायचाय फक्त."

"दुसऱ्याच्या घरचा डबा रिकामा देतात होय? तुमचं काय जातंय, नाव माझं खराब होईल." मालनने खडखडे लाडू दाबून दाबून भरले.

दुसऱ्या दिवशी तोच डबा पुन्हा दारात हजर. आत सुरळीच्या वड्या. राजारामने घाईघाईने अभयला फोन लावला.

"अहो, डबा परत कसा आला?"

"नम्रता म्हणाली, त्यांनी एवढे लाडू पाठवले, आपण काय गप्प बसायचं?"

"मग दुसऱ्या डब्यातून पाठवायचं ना!"

"घट्ट झाकणाचा तोच एक आहे हो. तेवढा परत पाठवा."

वड्या आपल्या घरच्या माणसांनी खाल्ल्या, म्हणून राजारामने अभयला भाडं पाठवलं. पाठवणारे आम्ही, असं म्हणून अभयने ते परत केलं. राजारामला लाज वाटली, त्याने पुन्हा पाठवलं. अभयने पुन्हा परत केलं. शेवटी राजारामने ग्रुपवरच विचारलं, तर तिथे रणधुमाळी माजली. एकाच्या मते खाद्यपदार्थ हे पॅकिंगमध्येच धरायला हवेत. दुसऱ्याच्या मते वड्या ही स्वतंत्र वस्तू असल्यामुळे एका व्यवहाराचे आता दोन झाले होते. तिसऱ्याने फक्त वड्यांची रेसिपी मागितली.

"आता डबा रिकामा जाणार," राजारामने घरात जाहीर केलं. मालन काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा घाबरायला हवं, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतरही त्याच्या लक्षात राहत नसे. डबा गेला आणि अभयचा फोन आला.

"अभिनंदन राजारामभाऊ! मुलीचं जमलं वाटतं?"

"मला मुलगी नाहीये!"

"मग डब्यात साखर कशी? नम्रता म्हणाली, साखर आली म्हणजे नक्की गोड बातमी."

राजारामने स्वयंपाकघराकडे पाहिलं. "चमचाभर तर घातली," मालन म्हणाली. "अगदीच रिकामा कसा पाठवू?"

"अभय, बातमी बितमी काही नाही हो!"

"अरे! पण नम्रताने बर्फी पाठवून दिली की."

डबा पुन्हा लालबागला आला. आता राजारामला खरोखर काहीच कळेना. शनिवार उजाडला होता. त्याने सरळ गौतमला फोन करून सगळी कर्मकहाणी ऐकवली.

"राजाभाऊ, म्हणजे आता कोण कोणाला काय पाठवतोय?"

"मला माहीत असतं तर तुला कशाला विचारलं असतं?"

"असं करा. डबा माझ्याकडे पाठवा. मी अभयला देतो आणि व्यवहार बंद करतो. पण एकदम खाली पाहिजे हां!"

राजारामने डबा स्वतः घासला, पुसला, आत दोनदा डोकावला आणि स्वतःच्या हाताने मोटारसायकलवाल्याला दिला. मालन पाठ करून बसली होती.

रविवारी सकाळपासून तो फोन हातात धरून होता. 'व्यवहार पूर्ण' कुठे दिसेना. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, 'बटणाचं काय?' गौतमने लिहिलं, 'गेलं.'

राजारामला रडूच यायचं बाकी राहिलं. व्हॉल्व्ह कापसात नुसता आला असता तर, लाडू संपलेले असते तर, असं काहीबाही मनात येऊ लागलं. आतून तात्यांनी विचारलं, "बटण गावला काय रे?"

बेल वाजली. दारात मोटारसायकलवाला, त्याच्या हातात डबा. गौतमने तो गिरगावला धाडायचा सोडून लालबागला परत पाठवला होता. राजाराम भडकला. तणतणतच त्याने झाकण उघडलं. आत कापूस होता आणि कापसात बटण. त्याने फोन लावला.

"गौतम, हे काय?"

"अहो, शेवंतीबाई ऐकेचना. माझी आई. म्हणाली, ज्यांच्याकडून डबा आला त्यांना तो रिकामा परत देतोस? घरात गोड काही नव्हतं. मग म्हटलं, हेच टाकू."

"पैसे किती?"

"पैसे पाठवाल तर बघा! परत व्यवहार सुरू होईल, माझं डोकं फिरेल."

तात्यांनी बटण स्वतः बसवलं, स्वतः फिरवलं. खरखर झाली, मग बातम्या लागल्या. तात्यांना ऐकू कमी येतं, पण ते कान जवळ न नेता नुसतेच बोटांनी बटण मागेपुढे करत राहिले. राजारामचे डोळे भरून आले.

मालनने डबा उचलला. "आता गिरगावला पाठवून टाकू एकदाचा. मीही कंटाळले. जाऊ दे रिकामाच."

"रिकामा?" राजाराम एकदम ओरडला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? बेसन काढ आधी."