रेडिओ बंद पडला

सलूनवाल्याला अख्खी गल्ली 'रेडिओ' म्हणायची. कात्री एक वेळ थांबेल, पण त्याचं तोंड थांबत नसे. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड आवळलं की साडूच्या गळक्या छतापासून स्वतःच्या पित्ताच्या खड्यांपर्यंत सगळं त्याला ऐकवलं जाई. लोकांना आपलं बोलणं फार आवडतं, अशी रेडिओची ठाम समजूत होती. आजवर कुणी तक्रार केली नव्हती ना!

त्या दुपारी दुकान रिकामं असताना तिशीतला एक तरुण आत आला. त्याचे मागचे केस उंदरांनी कुरतडल्यासारखे दिसत होते.

"केस कापायचेत. पण आधी सांगतो," तो आरशाकडे बघत म्हणाला. "मी ऑटिस्टिक आहे. आवाज, स्पर्श मला इतरांपेक्षा खूप जास्त जाणवतात. मशीन नको, पाण्याचा फवारा नको. कानाजवळ यायच्या आधी मला आरशात बोट दाखवा. आणि कापताना बोलू नका."

शेवटच्या अटीवर रेडिओचा चेहरा पडला. "अजिबात?"

"अजिबात. ह्याच्यामुळेच मी कितीतरी वर्षं घरीच कापतो. पण मागचं मला दिसत नाही."

"आम्हाला दिसतंय."

"उद्या नवी नोकरी सुरू होतेय. ओळखपत्राचा फोटो काढणार आहेत."

"फोटो समोरून काढतात की!"

"नोकरी सगळ्या बाजूंनी करायची आहे."

हे मात्र रेडिओला पटलं. "बस. शब्द दिला. काम संपेपर्यंत तोंडातून चकार शब्द नाही."

त्याने टीव्ही बंद केला आणि कात्री घेतली. शब्द घशाशी येऊन धक्काबुक्की करत होते, पण त्याने ओठ दाबून धरले. आरशात बोट दाखवलं, तरुणाने मान हलवली, मग कानाजवळचे केस कापले. उजवी बाजू झकास झाली. तरुणाचे आवळलेले खांदेही हळूहळू सैल पडले.

तेवढ्यात निवृत्त मास्तर आले. "काय रे, साडूच्या छताचं काय झालं?"

हा प्रश्न कुणी आपणहून विचारावा म्हणून रेडिओ आयुष्यभर तळमळला होता. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"दाढ दुखतेय?"

रेडिओने नकारार्थी मान हलवली.

"मग घसा?"

पुन्हा नकार. मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "दोन्ही हात वर कर बघू."

एका हातातली कात्री तरुणाच्या केसांत होती. रेडिओने दुसरा हात वर केला.

"एकच हात उचलला!" मास्तर ओरडत रस्त्यावर धावले. "रेडिओला अर्धांगाचा झटका आला!"

बघता बघता दुकान भरलं. शेजारचा शिंपी आला, समोरचा किराणावाला आला, वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर आले आणि पाठोपाठ पदर सावरत रेडिओची बायको आली.

"अहो, बोला ना काहीतरी! सकाळी माझ्या भावाला नावं ठेवत होतात, तेव्हा किती छान होतात! हवं तर आत्ताही ठेवा!"

"जीभ बाहेर काढा," डॉक्टर म्हणाले.

रेडिओने काढली.

"वाकडी आहे!" शिंपी किंचाळला.

"ती पहिल्यापासून वाकडीच आहे हो," बायको रडत म्हणाली.

खुर्चीतल्या तरुणाने डोळे मिटून दोन्ही कान घट्ट दाबून धरले होते. रेडिओला ते आरशात दिसलं आणि त्याचा जीव कळवळला. हा असाच उठून गेला, तर उद्या अर्ध्या डोक्याने कामावर जाणार आणि पुन्हा कधी कुठल्या सलूनची पायरी चढणार नाही. एक शब्द बोललं की सगळं मिटलं असतं. पण शब्द तर देऊन बसलेला! त्याने हात पसरून लोकांना मागे ढकललं.

"आता हातवारे सुरू झाले! उचला!" डॉक्टर ओरडले.

शिंप्याने पाय धरले, किराणावाल्याने बगला धरल्या आणि रेडिओची कात्रीसकट आडवी वरात दाराकडे निघाली. तरीही पठ्ठ्या बोलला नाही.

"त्यांना खाली ठेवा," खुर्चीतून आवाज आला. तरुणाने डोळे उघडले होते. "ते बरे आहेत. मीच त्यांना बोलू नका म्हणून सांगितलंय."

"एवढ्यावर गप्प बसले?" बायकोचे डोळे क्षणात कोरडे झाले. "लग्न झाल्यापासून मी काय वेगळं सांगतेय?"

"तुम्ही सगळे बोलताय आणि मला ते सहन होत नाहीये. बाहेर जा."

इतकं सरळ त्यांच्याशी कधी कुणी बोललं नव्हतं. रागवावं की नाही हे न कळल्यामुळे सगळे मुकाट बाहेर गेले आणि काचेला नाक लावून उभे राहिले. तरुणाने हळूहळू कानांवरचे हात काढले. रेडिओ थांबला. मग तरुणाने मान हलवली, रेडिओने आरशात बोट दाखवलं आणि डावी आणि मागची बाजू पुरी केली.

तरुणाने लहान आरसा धरून मागची बाजू नीट पाहिली. "चांगले झालेत. पुढच्या महिन्यात येईन."

"आता बोलू?" रेडिओने कुजबुजत विचारलं.

"बोला. मी गेल्यावर."

तो गेला. मास्तर आत येऊन खुर्चीत बसले. रेडिओने कापड झटकलं, छातीभर श्वास घेतला. "मास्तर, तुम्हाला म्हणून सांगतो..."

मास्तरांनी तळहात वर केला. "माझेही त्याच्यासारखेच काप."

"म्हणजे मागून बारीक?"

"म्हणजे न बोलता."

"नंतर माझेही," दारातून शिंपी म्हणाला. किराणावाल्यानेही हळूच बोट वर केलं.

रेडिओच्या हातातलं कापड गळून पडलं. "मास्तर, इतकी वर्षं येताय. कधी म्हणाला नाहीत ते!"

"कधी म्हणणार?" मास्तर म्हणाले. "तुझ्या बोलण्यात आज पहिल्यांदा मधे जागा मिळाली."