तळपायांची परीक्षा

"धाग्याची परीक्षा, आणि तीही शिंप्याची? अगं, चाळीस वर्षं धागाच ओवतोय मी!" टेलर मास्तरांनी दवाखान्याची पायरी चढतानाच बायकोला, म्हणजे काकूंना, बजावलं.

परीक्षा मात्र तळपायांची होती. मधुमेहाने मास्तरांचे पाय बधिर झालेले. तीन महिन्यांपूर्वी तळपायात सुई रुतलेली असताना त्यांनी दिवसभर पायमशीन चालवली, आणि पत्ताच नाही! त्याच दिवशी काकूंनी मशीनला कुलूप ठोकलं. डॉक्टरांनी दोन गोळ्या जोडीने सुरू केल्या. एक मज्जातंतूंसाठी, दुसरी रक्तवाहिन्यांसाठी. "पास झालात तरच कुलूप निघेल," असं काकूंनी सांगून टाकलं होतं. मशीनवाचून मास्तरांना घर खायला उठत होतं.

"डोळे मिटा. धागा टेकला की 'लागला' म्हणा," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी डोळे मिटले. नापास झालो तर? पण गडी बिलंदर! डॉक्टर वाकले की स्टूल कुरकुरतं, हे त्यांनी केव्हाच हेरलं होतं.

कुर्र! "लागला!"

कुर्र! "लागला! झकास लागला!"

"मास्तर," डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मी पडलेलं पेन उचलतोय. धागा अजून पाकिटातच आहे!"

काकू हसून हसून बेजार! मास्तरांचं तोंड एवढंसं झालं.

डॉक्टरांनी धागा काकूंच्याच हातात दिला. आता स्टूल कुरकुरेना. मास्तरांनी कान टवकारले, पण छे! "गेली मशीन," ते पुटपुटले. तेवढ्यात ते टुणकन उडाले.

"ए, गुदगुल्या कोण करतंय!"

डोळे उघडून बघतात तर काकू त्यांच्या तळपायाला धागा लावून, आ वासून उभ्या!

"लागला हो! खरंच लागला!" काकूंचे डोळे भरून आले.

डॉक्टरांनी दोन्ही पाय पुन्हा तपासले. "जाणीव परततेय. गोळ्या सोडायच्या नाहीत. मशीन रोज तासभर चालवा, पण आधी तळपाय नीट बघून."

काकूंनी पर्समधून किल्ली काढून दिली. जग जिंकल्याच्या थाटात मास्तरांनी बूट चढवले आणि किंचाळले, "आई गं! हे बूट केवढे चावतायत!"

"दोन वर्षं चावतायत, तुम्हाला आज कळलं!" काकू म्हणाल्या. "दुकानदार मोठा नंबर घ्या म्हणत होता. पण तुम्ही स्वतःच टेप लावून माप घेतलंत ना!"

ताठ मानेने आलेले मास्तर बरे होऊन लंगडत बाहेर पडले. बाकावरच्या पेशंटने घाबरून विचारलं, "औषध लागू पडलं नाही वाटतं?"

"पडलं की!" मास्तर कण्हले. "म्हणून तर दुखतंय!"