खातेप्रमुखाची खुर्ची आणि चॉकलेटचे गोळे

चॉकलेटचे गोळे करायला लागतं काय हो? बिस्किटांचा चुरा करायचा, त्यात मऊ चीज कालवायचं, गोळे वळायचे, वितळलेल्या चॉकलेटात बुचकळायचे. झालं! व्हिडिओतली मुलगी तर हाताला डागही न लागू देता करत होती. मी इतकी वर्षं ऑफिस चालवतोय. म्हणजे चालवतात साहेबच, पण मी नसलो तर त्यांचं कसं होईल, हे मी रोज कुणा ना कुणाला सांगत असतो.

आमच्या खातेप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली होती. तिच्यावर डोळा दोघांचा, माझा आणि मौनीबाबांचा. मौनीबाबा हे आमच्या एका सहकाऱ्याला मी ठेवलेलं नाव; ते दिवसभर मान खाली घालून काम करतात, त्यामुळे त्यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. अशात साहेबांनी फर्मान काढलं की सोमवारी प्रत्येकाने स्वतःच्या हातांनी केलेला पदार्थ आणावा, त्याने आपुलकी वाढते. मी काय ते ओळखलं. खुर्ची मिळालीच म्हणून समजा!

रविवारी बायको म्हणाली, मी करून देते. मी तिला समजावलं की हे स्वयंपाकाचं नाही, नियोजनाचं काम आहे. लगेच बैठक घेतली. मुलीकडे चुरा विभाग, बायकोकडे गोळे विभाग, माझ्याकडे बुडवणी आणि एकूण देखरेख. माझ्या मंजुरीशिवाय एकही कण पुढे सरकणार नव्हता.

मुलीचा चुरा मी परत पाठवला, कारण तो जाड होता. मग पुन्हा पाठवला, कारण तो बारीक होता. बायकोचा एकेक गोळा उजेडात धरून तपासत होतो, तेव्हा शेगडीवरचं चॉकलेट बिचारं माझ्या मंजुरीची वाट बघत करपायला लागलं. वास आला तसा धावलो. ते चांगलंच घट्ट झालं होतं.

"अहो, त्यात पाणी घालू नका," बायको म्हणाली.

आता गोळे विभागाने बुडवणीत नाक खुपसलेलं मला कसं चालेल? मी वाटीभर पाणी ओतलं!

चॉकलेटची पार ओली वाळू झाली. त्यात गोळा दाबला, तो फुटला. काट्याने काढायला गेलो, काटा रुतला. जोर लावून काटा ओढला, तर अख्खं पातेलंच उलटलं आणि चॉकलेट ओट्यावरून फरशीवर, फरशीवरून माझ्या सपातांत.

"बाबा, हे कुठल्या विभागात येतं?" मुलीने विचारलं.

मी देखरेखीसाठी बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. संध्याकाळी टेबलावर चकचकीत, एकसारखे गोळे मांडलेले दिसले. मी मंजुरी दिली.

सोमवारी मौनीबाबांनी दुकानातला बिस्किटांचा पुडा बशीत ओतून आणला. कामापुढे वेळच झाला नाही, असं तोंडातल्या तोंडात पुटपुटले. मला खरोखर कीव आली त्यांची. साहेबांनी माझा गोळा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि दुसरा उचलला.

"हे तुम्ही स्वतः केलंत?"

"स्वतः, साहेब. अख्खा रविवार घातला."

मग मला जो काही जोर चढला! चॉकलेट मंद आचेवर कसं वितळवावं, त्याला पाण्याचा थेंबही कसा लागू देऊ नये, सगळं साग्रसंगीत ऐकवलं. साहेब हातातला गोळा विसरून ऐकत होते.

"कमाल आहे," ते म्हणाले. "आपल्या खात्यात इतकी फुरसत असलेला माणूस आहे, हे मला माहीतच नव्हतं."

बायकोने केले म्हणावं, तर फर्मान मोडल्याचा ठपका. गप्प राहावं, तर रिकामटेकडा. मी आपला हसत उभा राहिलो.

दुपारी मौनीबाबा खातेप्रमुख झाले. मलाही बढती मिळाली, चहापान समितीवर! शुक्रवारी मुख्य कार्यालयाचे पाहुणे येणार आहेत आणि मी त्यांच्यासमोर उभं राहून गोळे करून दाखवायचे आहेत. साहेबांनी त्यासाठी खास एप्रन शिवून घेतलाय. केबिनच्या दारावर लागायचं ते माझं नाव आता त्याच्यावर झोकदार अक्षरांत भरलेलं आहे. माप मात्र अगदी बरोबर घेतलंय हं!