भांडं की माणूस?

आमच्या गल्लीत कुणाच्या हातून भांडं निसटलं, की ते जमिनीवर घरंगळत असतानाच आप्पा दारात हजर. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल आणि चेहऱ्याचा रंग उडालेला.

"भांडं पडनं का मानूस?"

भांडंच पडलंय हे कळलं की सुस्कारा सोडायचे आणि ताटात डोकावायचे. "आज हाडेसले काय दिधं?"

हाडांना काही दिलेलं नसलं, की आमची धडगत नसे. शहाण्णव-सत्त्याण्णवचे दिवस. लिंबायतमध्ये पोटासाठी आलेला अर्धा खानदेश कापडाच्या मागावर उभा होता, आप्पाही त्यातलेच. त्यांच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, एक सोबती तेलावर घसरला, त्याचं हाड काही नीट जुळलं नाही आणि बिचारा कायमचा गावी गेला. तेव्हापासून आप्पांनी धसकाच घेतला. कोवळ्या उन्हात बसा, शेवग्याचा पाला खा, उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी सोडू नका! खिशात कायम भाजलेले तीळ. भेटेल त्याच्या तळहातावर चिमूट ठेवायचे. एकदा ते तीळ थेट कापडाच्या ताग्यात निघाले. शेठ गुजरातीत ओरडला, "आप्पा, आ तल क्यांथी आव्या?"

"कपडा मजबूत होगा, शेठ," आप्पा म्हणाले.

त्यांची बायको जिजी दिवसभर घरात बसून साड्यांना टिकल्या लावायची. तिच्यासाठी आप्पा रोज दूध आणत, स्वतः तिच्या हातात पेला देत आणि मगच पाळीला जात. "मनी जिजीनं हाड म्हंजे लोखंड," असं छाती फुगवून सांगत.

एका सकाळी आवाज आला तो आप्पांच्याच घरातून. त्या दिवशी विचारायला कुणी आलं नाही. आम्ही धावलो. जिजी मोरीत घसरली होती आणि मनगट धरून कण्हत होती. पडणं साधंच होतं, हाड मात्र मोडलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "खातात काय या?"

"रोज दूध पेते ना साहेब!" आप्पा जवळजवळ भांडायलाच उठले.

जिजीनं मान खाली घातली. त्या दुधाला ती विरजण लावायची. त्याची कढी आप्पांच्याच डब्यात जायची, तिळाचे लाडूही तिथेच. ती स्वतः सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खायची. "यासले दिवसभर उभं ऱ्हावं लागस," ती पुटपुटली. त्या कढीचं कौतुक आप्पांनी साऱ्या खात्याला ऐकवलं होतं.

त्यानंतर आप्पा कुणाच्या दारात आले नाहीत. गल्लीला अगदी चुकल्याचुकल्यासारखं झालं. हाड जुळेल ना, ही काळजी आम्हालाही लागली होती. शेवटी माझ्या बायकोनं मुद्दाम पातेलं आपटलं. तरी कुणी फिरकलं नाही, तेव्हा आम्हीच पाहायला गेलो.

आप्पांचं ताट झाकलेलं होतं. जिजीच्या चांगल्या हातात दुधाचा पेला होता.

"आधी तुमी जेवा," ती म्हणत होती. नवऱ्याच्या आधी, तेही त्याच्यासमोर, तिच्यानं खाववत नव्हतं.

आप्पा उठले आणि तिच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसले.

"मी नही देखत. पन जोरमा पी, जिजी. माले आयकू येऊ दे."

सगळ्या गल्लीचे आवाज ओळखणारा तो माणूस, डोळे मिटून तिचा एकेक घोट ऐकत बसला.