भिजत घातलेलं वर्तमानपत्र

'गावात वाघ शिरला आहे, सर्वांनी सावध असावे' ही बातमी आमच्या शाळेच्या वर्तमानपत्रात ज्या दिवशी लागली, त्या दिवशी तो वाघ नागझिऱ्याच्या रानात नातवंडं खेळवत बसला होता. मी वाढवून सांगतो असं लोक म्हणतात. बरं, नातवंडं नसतील. पोरांची लग्नं तरी नक्की उरकली होती. बातमी वाचून गावातलं कुत्रंसुद्धा सावध झालं नाही. झाले ते एकटे संपादक डोमा मास्तर. त्या संध्याकाळी ते हातात काठी घेऊन, दर दहा पावलांवर मागे बघत घरी गेले.

"वाघ खरंच आला होता तेव्हा तर तुम्ही कंदीलही न घेता हिंडत होता," मी म्हटलं.

"तवा खबर कच्ची होती जी," ते म्हणाले.

कच्ची! हा शब्द मी त्या माणसाच्या तोंडून इतक्यांदा ऐकला आहे की अजून कुणी कच्ची कैरी म्हटलं तरी मला वर्तमानपत्राचा वास येतो.

डोमाजी कापगते हे आमच्या शाळेतले चौथीचे मास्तर. मास्तरकीत येण्याआधी ते गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये धान उकडायच्या हौदावर कामाला होते. तिथून माणूस बाहेर पडला, पण हौद काही माणसातून बाहेर पडला नाही. जगातली कुठलीही गोष्ट त्यांना आधी भिजवावी, मग उकडावी, मग वाळवावी असंच वाटे. "कच्चं धान गिरणीत टाकलं त कनी होते जी, दाना तुटते," हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. पाढे असोत, लग्न असो, नाहीतर सरकारची पंचवार्षिक योजना असो, त्यांचं मत एकच : भिजली नाही.

आमचं बोडीटोला गाव सडक अर्जुनीपासून तीन कोस आत, तलावाच्या काठी. शाळा सातवीपर्यंत, खोल्या दोन, मास्तर चार, आणि घंटा म्हणून टांगलेला रुळाचा एक तुकडा. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि देशात जो तो काहीतरी सुरू करत होता. कुणी धरण, कुणी कारखाना. आमचे हेडमास्तर बिसेन पगार आणायला भंडाऱ्याला गेले, तिथल्या एका मोठ्या शाळेत त्यांनी मुलांचं हस्तलिखित वर्तमानपत्र भिंतीवर लावलेलं पाहिलं आणि अंगात वारं शिरल्यासारखे परतले.

"आपल्याही पोट्ट्यांचा पेपर पाहिजे! पोट्टे लिहितील, पोट्टे वाचतील. संपादक कोण होतो?"

मी म्हटलं, माझे डोळे अधू आहेत. पटले मास्तर म्हणाले, बायकोचे दिवस भरलेत. (त्यांच्या बायकोचे दिवस मी पाहावं तेव्हा भरलेलेच असत.) डोमा मास्तर एका पोराची पेन्सिल तासून देत होते. त्यांनी मान वेळेवर वर काढली नाही. झाले संपादक.

वर्तमानपत्राचं नाव 'पक्की खबर'. छापखाना म्हणजे सातवीतल्या सुवाच्य अक्षराच्या दोन मुली. कागद चिकटवायला एका जुन्या दाराची फळी व्हरांड्यात टांगलेली, आणि चिकटवायला भाताची खळ. ही खळ इतकी चविष्ट असे की 'पक्की खबर'चा अंक जेवढा गावातल्या बकऱ्यांनी पचवला तेवढा वाचकांनी कधीच पचवला नाही. एका बकरीने तर अग्रलेख खाल्ला आणि दोन दिवस पाणी प्यायलं नाही. हे मी स्वतः पाहिलं आहे.

पण खरी गंमत बातमी पिकवण्याची होती. फळीखाली मास्तरांनी एक मातीचं मडकं ठेवलं होतं. मुलांनी बातमी चिठ्ठीवर लिहायची आणि मडक्यात टाकायची. वर झाकण, झाकणावर दगड. हे भिजवणं. पंधरवडाभर चिठ्ठीला कुणी हात लावायचा नाही. मग उकडणं. म्हणजे बातमी आणणाऱ्या पोराला समोर उभं करून त्याला घाम फुटेपर्यंत विचारायचं.

"गाय कोनाची पडली बे विहिरीत?"

"पाटलाची जी."

"पडताना पाहिलास?"

"नाही जी. पडल्यावर पाहिलो."

"मंग पडली कायले म्हनतं? उतरली असंल."

"विहिरीत कशी उतरंल जी गाय?"

"तुले का मालूम? तू गाय हायेस?"

शेवटी वाळवणं. म्हणजे बातमीत जो काही ओलावा उरला असेल तो काढून टाकायचा. फळीवर बातमी लागली ती अशी : 'पाटलांची गाय विहिरीत आढळली. ती तेथे कशी गेली याबद्दल मतभेद आहेत.' गाय तोवर विहिरीतून निघून, व्याली होती.

शेजारच्या गावात दंडार होती. रात्रभर नाच, गाणी, सोंगं. 'अवश्य पाहावी' अशी सूचना आमच्या फळीवर लागली तेव्हा मंडळी ढोलक्या घेऊन चार गावं पुढे गेली होती. गावातले एक म्हातारे सूचना वाचून चटई काखेत मारून गेले आणि रिकाम्या पटांगणात बसून आले. परतल्यावर म्हणाले, यंदा सोंगं कमी होती.

या सगळ्या कचऱ्यात एकच सदर लोक वाचत : 'पाहुणे'. कुणाच्या घरी, कुठल्या गावचे, कोण आले, आणि जेवायला काय होतं. हे सदर मास्तर मुलांवर सोडत नसत. संध्याकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे राहून ते दिसेल त्याला धरत. "कोनाकडले पाव्हणे जी? जेवले का? काय जेवले?" नुसता चहा पिऊन उठलेला माणूस त्यांच्या लेखी पाहुणा नव्हे. "पाटावर बसला, दुसऱ्यांदा भात घेतला, त पाव्हणा. नाही त रस्त्यानं जानारा." ही व्याख्या त्यांनी फळीवर कायमची लिहून ठेवली होती. गावातलं घरन् घर त्या सदरात येऊन गेलं. लोक पाहुण्याला आग्रह करकरून दुसऱ्यांदा भात वाढत, का तर नाव फळीवर यावं. फक्त संपादकांचं घर त्यात कधी आलं नाही. मी सगळ्यांना सांगत असे, बघा, याला म्हणतात निःपक्षपाती संपादक!

तर हे वर्तमानपत्र असं धान भिजत पडावं तसं बरीच वर्षं पडून राहिलं असतं. पण जनपद सभेच्या मेंबरांची आई आजारी पडली.

मेंबर म्हणजे आमच्या शाळेचे अन्नदाते. छपराचे पत्रे त्यांनीच दिलेले. एका पोरीने मोठ्या भक्तीने चिठ्ठी टाकली : 'मेंबर साहेबांच्या मातोश्री आजारी आहेत. त्यांना लवकर आराम पडो.' चिठ्ठी भिजली. म्हातारी तोवर गेली. तेरवी झाली, आम्ही सगळे जाऊन बुंदी खाऊन आलो. डोमा मास्तरांनीही खाल्ली. आणि दुसऱ्या दिवशी फळीवर ठळक अक्षरांत : 'त्यांना लवकर आराम पडो.'

मेंबर डोकं भादरलेल्या अवस्थेत शाळेत आले. ते जे बोलले ते भिजवून, उकडून, वाळवूनही इथे लिहिता येणार नाही.

"अहो, तुम्ही तेरवीला जेवलात ना!" ते गेल्यावर हेडमास्तर किंचाळले.

"जेवलो जी. पन गेल्याची चिठ्ठी अजून मडक्यात हाय. आजाराची आधी आली होती."

हेडमास्तरांनी कपाळ रुळाच्या तुकड्यावर आपटायचं तेवढं बाकी ठेवलं. मग म्हणाले, "ऐका. सोमवारी डिप्टी साहेब येऊन राहिले तपासणीला. त्या फळीवर आदल्या दिवशीची एक तरी ताजी बातमी पाहिजे. दिसली नाही तर फळी उतरवतो आणि चुलीत घालतो. पेपर बंद."

"कच्ची खबर मी लावनार नाही जी."

"मग झाला तुमचा पेपर."

डोमा मास्तरांनी मडक्यावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली. त्या दुपारी त्यांनी डबा उघडला नाही. मला वाटलं, बुंदी जास्त झाली असेल.

पोरांना मात्र पेपर मरतोय हे कळलं. शनिवारी अख्खी शाळा ताज्या बातम्या घेऊन धावत सुटली.

"गुरुजी, माह्या आजीचा दात पडला! आत्ताच!"

"दात कोठी हाय?"

"फेकला जी तिनं."

"मंग मडक्यात टाक."

"दात?"

"चिठ्ठी!"

एका पोराने तर ताजी बातमी व्हावी म्हणून स्वतः आंब्यावरून उडी मारली आणि लंगडत आला. त्यालाही मडकंच दाखवलं. शाळा सुटली तेव्हा मडकं गळ्यापर्यंत भरलं होतं आणि सातवीच्या त्या दोन मुली फळीखाली बसून रडत होत्या. मास्तरांनी दोघींच्या हातात एकेक कोरा कागद दिला आणि म्हणाले, "सोमवारी सकाळी येजा. दौत घेऊन येजा." काय लिहायचं ते मात्र सांगितलं नाही, कारण त्यांनाच ठाऊक नव्हतं.

हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही बोलघेवडे आहात. रविवारी त्याच्या घरी जा आणि पटवा."

म्हणून मी गेलो. नाहीतर कोण जातो? त्यांचं घर तलावाच्या पलीकडे, पाळ ओलांडून, धानाच्या बांध्यांमधल्या धुऱ्याधुऱ्याने चिखल तुडवत जायचं. ते आमच्या शाळेत येण्याआधीच बायको वारलेली, मूलबाळ नाही. बाईमाणूस नसलेल्या घरी, त्यातही उलटतपासणी घेणाऱ्या माणसाच्या घरी, आपणहून जाईल इतका खुळा बोडीटोल्यात कुणी नव्हता.

मी अंगणात शिरलो तेव्हा ते झाडू मारत होते. मला पाहून झाडू हातातून पडला.

"कोनाकडे जी?" त्यांनी विचारलं.

"कोणाकडे म्हणजे? तुमच्याकडे."

"माह्याकडे?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. जणू मागे दुसरा कुणी डोमा कापगते उभा असावा. मग जी धांदल उडाली ती काय सांगू! पाय धुवायला लोटाभर पाणी आणलं, ते माझ्या पायावर कमी आणि स्वतःच्या धोतरावर जास्त पडलं. पाट काढला, तो पुसला, पुन्हा पुसला. कोनाड्यात एक थाळी पालथी होती, तिच्यावर इतकी धूळ की तिच्यात धान पेरलं असतं तर उगवलं असतं. ती त्यांनी राखेने घासली, विसळली, उन्हात धरून पाहिली आणि पुन्हा घासायला बसले.

मी पेपरचं बोलायला तोंड उघडलं की ते विचारत, "झिंगे चालते ना जी तुमाले? तिखट किती?" तलावातले वाळवलेले झिंगे, वांगं आणि भात. भात खालून असा करपला होता की त्याने फळीवर अक्षरं काढता आली असती. मी खाल्ला. ते समोर पंखा घेऊन बसले होते. स्वतःला वाढून घ्यायचं त्यांना सुचलं नाही.

"भात बरा हाय ना जी?"

"उत्तम."

"अजून घ्या ना जी."

मी दुसऱ्यांदा भात घेतला. तिसऱ्यांदाही घ्यावा लागला. पंखा थांबला, तेव्हा मी वर पाहिलं. मास्तर माझ्याकडे पाठ करून, दाराबाहेर बघण्यासारखं काही नसताना बाहेर बघत बसले होते.

निघताना त्यांनी मला पाळीपर्यंत पोचवलं. तिथे मला आठवलं की मी पेपरबद्दल एक अक्षरही बोललो नाही. म्हटलं, जाऊ द्या. उद्या फळी चुलीत जाणार, निदान भात चांगला शिजेल.

सोमवारी डिप्टी साहेब आले. हेडमास्तर त्यांना फळीपासून लांब न्यायची खटपट करत होते. आधी विहीर दाखवली, मग रुळाचा तुकडा दाखवला. पण साहेबांना लांबूनच कागद दिसला. फळीवर एकच कागद होता. त्या दोन मुलींनी वळणदार अक्षरात लिहिलेला, कडेने वेलबुट्टी काढलेला. साहेबांनी बोट लावलं तर बोटाला शाई लागली.

"अरे, ही तर ओली आहे!"

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. वाचायला ते मला म्हणाले, आणि मी वाचलं :

'पाहुणे. काल रविवारी आमच्या घरी पाहुणे आले.' पुढे माझं नाव. 'झिंगे, वांगे व भात होता. पाहुण्यांनी तीन वेळा भात घेतला.' खाली, 'डो. कापगते, संपादक.'

"कालचीच!" हेडमास्तर ओरडले. "साहेब, अगदी कालची आहे!" साहेबांनी मान डोलावली आणि पुढे गेले. फळी वाचली.

मी मागे राहिलो. मडकं तिथेच होतं, झाकण होतं, वर दगडही होता. मास्तर कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबत उभे होते.

"काय हो मास्तर," मी म्हटलं, "ही नाही भिजवली? उकडली नाही, वाळवली नाही, एकदम कच्ची लावलीत?"

त्यांनी अंगठा काढला नाही.

"याले कायले भिजवाचं जी," ते म्हणाले. "मीच वाढून राहिलो होतो ना."

पुढच्या रविवारी मी पुन्हा पाळ ओलांडली. पेपरचं काही काम नव्हतं. भात या खेपेलाही करपलेला होता. थाळी मात्र आधीच घासून ठेवलेली होती.